घर नवं केलं, आता दलालाला काय सांगावं?

मुंबई शहराच्या पोटात जुनी गावं आहेत. वरळी कोळीवाडा हे त्यांतलं एक गाव. पूर्वी मुंबई सात बेटांची होती. वरळी हे त्या सातांतलं एक बेट. बेटाच्या उत्तर टोकाला जुना किल्ला आहे. त्याच्या आसपास कोळ्यांच्या होड्या लागतात. गोल्फादेवीचं देऊळ आहे. गल्ल्या अरुंद आहेत. घराला घर लागून आहे.

गावाभोवती मात्र मोठं शहर वाढलं. 2009 साली वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. 2024 साली किनारी रस्ता खुला होऊ लागला. उंच उंच इमारती उठल्या. अशा ठिकाणी दोन खोल्यांनाही मोल असतं. म्हणून दलाल येतात. गावोगावी, तालुक्याच्या ठिकाणीही आता दलाल असतात. तेव्हा वरळीचं उदाहरण आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल.

आपण एका घराची गोष्ट घेऊ. हे घर आमच्या मनातलं आहे. पण अशी घरं कोळीवाड्यात गल्लोगल्ली दिसतात.

मावशींची माडी

या घरात एक मावशी राहतात. त्या बाजारात मासळी विकतात. घरधनी होडीवर जातात. खाली कुटुंब राहतं. वर एक माडी आहे. माडीचा जिना बाहेरून आहे.

माडी गळत होती. खारा वारा लागून सळ्या गंजल्या होत्या. गिलावा पडत होता. मावशींनी पतपेढीतून तीन लाख रुपये कर्ज काढलं. माडी दुरुस्त केली. व्याज शेकडा बारा. तीन वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे दहा हजार रुपये.

दुरुस्ती मे महिन्यात संपली. पण महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. म्हणजे घरात पैसा कमी, आणि हप्ता मात्र चालू. पावसाळा कसाबसा गेला. आता दसरा जवळ आला. माडी भाड्याने गेली तरच हप्त्याची काळजी मिटेल.

एके दिवशी एक दलाल दारात आला.

"मावशी, माडी झकास झाली की! उद्याच गिऱ्हाईक आणतो. फक्त इथे अंगठा करा."

मावशी म्हणाल्या, "थांब दादा. आता मी वाचायला शिकले. आधी वाचते."

"अहो, नेहमीचाच कागद आहे."

"नेहमीचा आहे ना? मग वाचायला काय हरकत?"

मावशींनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ लागला. पण एका ओळीवर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'जागा भाड्याने देणे किंवा विकणे'. पुढच्या ओळीत होतं, 'मालकाच्या वतीने विसार घेण्याचा हक्क दलालाला राहील'.

"दादा, मला माडी भाड्याने द्यायची आहे. विकायची नाही. आणि माझा विसार तू का घेणार?"

दलाल म्हणाला, "मावशी, हा छापील कागद आहे. सगळ्यांना तोच देतो. नको असेल तर त्या ओळी खोडू."

दोन्ही ओळी खोडल्या. तिथे दोघांनी सह्या केल्या. एक प्रत मावशींनी ठेवून घेतली.

हा दलाल काही लबाड नव्हता. पण मावशींनी वाचलं नसतं, तर त्या दोन ओळी तशाच राहिल्या असत्या. पुढे त्या कोणाच्या हाती पडल्या असत्या, कोण जाणे!

दलालाचा फायदा आणि आपला फायदा

दलाल म्हणजे दुवा. ज्याला घर हवं आहे त्याला तो ओळखतो. ज्याचं घर रिकामं आहे त्यालाही ओळखतो. तो दहा माणसांना जिना चढवतो, तेव्हा एखादा हो म्हणतो. त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. त्याला चोर समजू नये. पण त्याला घराचा कारभारीही समजू नये.

का? हिशेब करून पाहा.

मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर सहसा एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून देतात. समजा, माडीचं रास्त भाडं 20,000 रुपये आहे. दलाल म्हणतो, "18,000 ला देऊन टाका, गिऱ्हाईक तयार आहे." दलालाचं नुकसान किती? एकदाच 2,000 रुपये. आपलं नुकसान किती? अकरा महिने दरमहा 2,000. म्हणजे 22,000 रुपये.

म्हणून दलालाला घाई असते. त्याला काम लवकर उरकायचं असतं. आपल्याला काम नीट व्हायला हवं असतं.

आता दुसरी बाजू पाहा. आपण हट्ट धरला, 22,000 च हवेत. माडी दोन महिने रिकामी राहिली. उरलेल्या नऊ महिन्यांत मिळाले 1,98,000. पहिल्यापासून 20,000 ला दिली असती, तर अकरा महिन्यांत 2,20,000 मिळाले असते. इथेही 22,000 चंच नुकसान!

घाईत जेवढं जातं, तेवढंच हट्टातही जातं. म्हणून आधी आपल्या गल्लीत चौकशी करावी. शेजारच्या चार घरांचं भाडं विचारावं. मग आकडा ठरवावा.

एक गोष्ट मनाला पटत नाही, पण खरी आहे. आपण तीन लाख खर्च केले म्हणून भाडं वाढत नाही. राहणाऱ्याला सोय झाली, तर वाढतं. दारावरच्या नक्षीला कोणी जास्त पैसे देत नाही. कोरडी भिंत, चांगला संडास, पाण्याची टाकी आणि वेगळा वीजमीटर यांना देतो.

दलालाला बोलवण्याआधी

घर दाखवण्याआधी आपले कागद आपण पाहावेत. वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि मिळकत पत्रिका एका पिशवीत ठेवावी. मिळकत पत्रिकेवर जमिनीच्या मालकाचं नाव असतं.

मावशींच्या घराचे कागद अजून सासऱ्यांच्या नावावर आहेत. सासरे वारले. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली. मुली लग्न होऊन गेल्या, म्हणून त्यांचा हक्क गेला का? नाही. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला. वाडवडिलांच्या एकत्र मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे.

म्हणून मावशी दोन्ही नणंदांकडे गेल्या. थोरली म्हणाली, "वहिनी, तू कर्ज काढलंस, तू भाडं घे. पण बाबांचं घर विकायचं नाही." तिने तसं ना हरकत पत्र लिहून दिलं. धाकटीनेही सही केली. विक्रीची ती ओळ मावशींनी का खोडली, हे आता ध्यानात आलं असेल.

दुरुस्तीचेही नियम आहेत. गिलावा, रंग, लादी ही किरकोळ दुरुस्ती. पण नवा मजला चढवणं किंवा भिंत पुढे सरकवणं ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. त्याला महापालिकेची परवानगी लागते. वरळी हा भाग महापालिकेच्या जी दक्षिण विभागात येतो. शिवाय समुद्राजवळच्या बांधकामाला केंद्र सरकारचे किनाऱ्याचे नियम लागू होतात. परवानगीचा कागद असेल तर तोही पिशवीत ठेवावा. दलाल विचारील, तेव्हा खरं तेच सांगावं.

दलालाला मूळ कागद कधीही देऊ नये. झेरॉक्स द्यावी. झेरॉक्सवर आडवं लिहावं, 'फक्त भाड्याच्या कामासाठी'. खाली तारीख घालावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. कुलमुखत्यारपत्र तर देऊच नये. कुलमुखत्यारपत्र म्हणजे, आपल्या नावाने व्यवहार करण्याचा हक्क दुसऱ्याला देणं.

घराची चिठ्ठी

दलाल दिवसभर अनेक घरं पाहतो. संध्याकाळी त्याला काय आठवणार? म्हणून घराची माहिती एका कागदावर लिहून द्यावी. मावशींनी लिहिलेली चिठ्ठी अशी होती:

*माडी भाड्याने देणे आहे.*
*जागा: वरळी कोळीवाडा, पहिला मजला. जिना बाहेरून.*
*आतली जागा: 240 चौरस फूट.*
*दुरुस्ती: यंदा मे महिन्यात. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं. वायरिंग, लादी, मोरी, संडास नवे. एक पावसाळा गेला, गळलं नाही.*
*पाणी: सकाळी दोन तास. 500 लिटरची टाकी आहे.*
*वीज: बेस्टचा वेगळा मीटर.*
*वाट: गल्ली अरुंद. गाडी दारापर्यंत येत नाही. मोठं कपाट सुटं करून आणावं लागेल.*
*शेजार: कोळ्यांची वस्ती. मासळी वाळत घालतात, वास येतो. होळीला आणि नारळी पौर्णिमेला रात्री वाजतगाजत असतं.*
*भाडं: महिना 20,000. डिपॉझिट: 60,000. मुदत: अकरा महिने.*
*करार नोंदवला जाईल. विक्रीसाठी नाही.*

दलालाने चिठ्ठी वाचली. तो हसला.

"मावशी, वासाचं कशाला लिहिलंत? गिऱ्हाईक पळेल ना!"

"नाही लिहिलं तर वास जाणार आहे का? ज्याला चालत नाही तो आजच पळू दे. दोन महिन्यांनी पळाला तर मला पुन्हा दलाली, पुन्हा रिकामी माडी!"

यात मोठं शहाणपण आहे. लपवलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात उघडी पडते. मग भांडण होतं. आणि जो दलाल खोटी माहिती घेऊन जातो, त्याचं नावही खराब होतं. चांगल्या दलालाला खरी चिठ्ठी आवडते. त्याच्या फेऱ्या वाचतात.

आता मापाचं पाहू. 'कार्पेट' म्हणजे भिंतींच्या आतली जागा, जिथे सतरंजी अंथरता येते तेवढी. मावशींनी टेपने माप घेतलं. खोली 15 फूट लांब, 12 फूट रुंद. म्हणजे 180. स्वयंपाकाची जागा 8 गुणिले 5, म्हणजे 40. मोरी-संडास 5 गुणिले 4, म्हणजे 20. बेरीज 240. काही दलाल भिंती आणि जिना धरून 300 सांगतात. माप कशाचं, ते स्पष्ट लिहिलं म्हणजे वाद होत नाही.

दलालांना घर कसं दाखवावं?

एकाच दलालावर अवलंबून राहू नये. वीस दलालांनाही सांगू नये. आपल्या भागातले तीन दलाल पुरेत. पूर्वी ज्यांनी त्यांच्यामार्फत घर दिलं, त्यांना विचारावं, "हा माणूस कसा आहे? पैसे वेळेवर दिले का? पावती दिली का?"

नव्या गृहप्रकल्पातली घरं विकणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी लागते. हा कायदा 2016 सालचा आहे. महाराष्ट्रात 2017 पासून महारेरा ही संस्था हे काम पाहते. 2023 पासून दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. जुन्या घराच्या भाड्याला ही नोंदणी लागतेच असं नाही. पण दलालाकडे महारेराचा क्रमांक असेल, तर ती एक चांगली खूण समजावी.

तिघांना एक दिवस ठरवून बोलवावं. दिवसाउजेडी बोलवावं. खिडक्या उघडाव्यात. नळ सोडून दाखवावा. दिवे लावून दाखवावेत. गच्चीवर नेऊन केलेलं काम दाखवावं. दुरुस्तीच्या आधीचे फोटो असतील तर तेही दाखवावेत. गळकी भिंत आधी कशी होती, आता कशी आहे, हे पाहिलं म्हणजे दलालाला गिऱ्हाइकाशी बोलायला मुद्दा मिळतो. तिघांनाही एकच चिठ्ठी, एकच भाडं सांगावं. एकाला वीस आणि दुसऱ्याला अठरा सांगितले, तर तिघेही आपल्याला अठराच देतील.

किल्ली आपल्याजवळ ठेवावी. गिऱ्हाईक येईल तेव्हा घरचं माणूस बरोबर असावं. भाडेकरूची जात विचारू नये. त्याचं काम, त्याचं वागणं आणि त्याचे कागद पाहावेत.

दलाली किती, कधी आणि कोणाला, हे आधीच लिहून घ्यावं. ज्याच्या गिऱ्हाइकाशी करार झाला त्यालाच दलाली द्यावी. करार नोंदवल्यावर द्यावी, त्याआधी नाही. आणि पावती घ्यावी. दलालाला वगळून त्याच्याच गिऱ्हाइकाशी चोरून व्यवहार करू नये. तसं केलं तर पुढच्या वर्षी आपल्या दारात एकही दलाल फिरकणार नाही.

मोठ्या डिपॉझिटचा मोह

आठ दिवसांनी एक दलाल आला. म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक पाच लाख डिपॉझिट देतंय. भाडं मात्र निम्मं, दहा हजार. तुमचं कर्ज एका दिवसात फिटेल!"

घरधन्यांचं मन डळमळलं. कोणाचंही डळमळेल. पण मावशींनी पाटी-पेन्सिल घेतली.

निम्म्या भाड्याने अकरा महिन्यांत 1,10,000 रुपये कमी मिळणार. पाच लाखांतून तीन लाखांचं कर्ज फेडलं, तर अकरा महिन्यांचं व्याज वाचेल. ते जास्तीत जास्त 33,000. उरलेले दोन लाख बँकेत ठेवले, तर शेकडा सात दराने सुमारे 12,800 मिळतील. दोन्ही मिळून सुमारे 46,000. गेले 1,10,000, आले 46,000. तोटा सुमारे 64,000.

आणि मुख्य गोष्ट निराळीच आहे. डिपॉझिट हे आपलं उत्पन्न नव्हे. ते परत द्यायचं असतं. करार संपला की पाच लाख कुठून आणणार? मग नवं कर्ज काढायचं, किंवा घर विकायचं. घर जाण्याची सुरुवात पुष्कळदा अशी होते.

मावशी म्हणाल्या, "दादा, वीस हजारवाला आण. थोडा उशीर झाला तरी चालेल."

पंधरा दिवसांनी तसं गिऱ्हाईक मिळालं. नवराबायको, दोघंही जवळच नोकरीला. चिठ्ठी वाचूनच आले होते. बाई म्हणाल्या, "वासाचं वाचलं. आम्ही मासळी खाणारेच!"

करार तोंडी नको

व्यवहार ठरला की करार लिहून नोंदवावा. यालाच 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा आहे. त्याप्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं तर पुरावा आपण द्यायचा.

करार नोंदवला असेल तर आपल्याला आधार मिळतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जितके दिवस तो जादा राहील, तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क शेकडा चार आणे, म्हणजे शंभराला पंचवीस पैसे. एकूण भाडं 2,20,000. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात. 60,000 वर अकरा महिन्यांचं ते होतं 5,500. बेरीज 2,25,500. त्यावर शुल्क सहाशे रुपयांच्या आत येतं. मुंबईत नोंदणीची फी एक हजार रुपये. आता ही नोंदणी संगणकावरही होते. अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतात. म्हणून ठसा देण्याआधी करार पूर्ण वाचावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायलाही विसरू नये.

ध्यानात ठेवा

दलाल दुवा आहे, मालक आपण आहोत.
घरातल्या सर्व हक्कदारांची संमती आधी घ्यावी. बहिणी आणि नणंदा यांना विसरू नये.
घराची चिठ्ठी खरी लिहावी. गुण लिहावेत, उणीवही लिहावी.
भाडं घाईने उतरवू नये, हट्टाने चढवू नये.
डिपॉझिट हे परत द्यायचं ओझं आहे.
जे वाचलं नाही, त्यावर सही करू नये.

वाचकहो, आपण अक्षरं शिकलो ती कशासाठी? देवळावरची पाटी वाचावी, गाडीचं नाव वाचावं, हे तर आहेच. पण मावशींचं बोट ज्या ओळीवर थांबलं, तिथे खरं शिक्षण कामाला आलं. तीन लाखांच्या दुरुस्तीने भिंती सावरल्या. त्या दोन ओळी वाचल्या, म्हणून घर राहिलं.

आता एक काम करा. घरातला टेप घ्या. आपल्या खोलीचं माप काढा. आणि मावशींसारखी आपल्या घराची चिठ्ठी लिहून पाहा. घर भाड्याने द्यायचं नसलं तरी लिहा. आपलं घर आपल्याला नव्याने कळेल.